आभाराचं पान

सुरुवातीलाच सांगून टाकतो, या लिखाणात गावाचं नाव येणार नाही आणि माणसांची नावं मी बदललेली आहेत. एकदा नावं छापायची हौस केली होती, ती अंगाशी आली. माझ्याच अंगाशी आली असती तर मी निस्तरलं असतं. पण ती आली भलत्याच बाईच्या अंगाशी, जिने माझं कधी काही वाईट केलेलं नव्हतं.

पारनेर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल आहे. मुलं मला सर म्हणत नाहीत, गनीभाई म्हणतात. स्वभाव तापट आहे; हे तीन प्राचार्यांनी लेखी आणि बायकोने तोंडी कळवलेलं आहे. मी रुजू झालो तेव्हा वाचनालयातली सगळी कपाटं कुलपात होती आणि किल्ल्यांचा जुडगा हेडक्लार्कच्या खिशात. पहिल्याच महिन्यात मी भांडून कुलपं काढली. वर्षभरात अकरा पुस्तकं गेली. मी म्हणालो, गेली तर गेली, कुणीतरी वाचत असेल. पुस्तक उघडं असावं, ज्याला हवं त्याच्या हाती लागावं, या गोष्टीचा मला आयुष्यभर गर्व होता. आता तो सांगताना जीभ अडखळते.

प्रज्ञा आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचं मानधन, आणि उन्हाळी सुट्टी लागली की घरी बस. वडील रंगनाथ सुप्याच्या एमआयडीसीत वेल्डर. आई तिच्या लहानपणीच गेलेली. त्यांच्या बौद्ध वस्तीतली कॉलेजात शिकवणारी ही पहिलीच. सावळी, शिडशिडीत, बोलायला कमी. पण ऐकायला! तिच्यासारखं ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. ती मान डोलवायची नाही, हं हं करायची नाही, नुसती बघत राहायची, आणि समोरचा आपोआप पुढचं बोलून जायचा. माझा धाकटा भाऊ कसा गेला ते मी अख्तरीला, म्हणजे माझ्या बायकोला, कधी धड सांगितलं नव्हतं. ते मी या पोरीला एका दुपारी सांगून मोकळा झालो.

पीएचडीसाठी तिने हेच केलं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला गेलेल्या वस्तीतल्या तेवीस बाया तिने सात वर्षं ऐकल्या. दुपारी तास संपले की ती वाचनालयात यायची आणि खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर कानात वायर घालून रेकॉर्डिंगवरून उतरवून घ्यायची. लिहिताना तिचे ओठ हलायचे. त्यातल्या काही बाया तोवर वारल्या होत्या. मेलेल्या बाईचं बोलणं हिच्या ओठांवर हलताना मला दिसायचं. मी चहा नेऊन ठेवायचो आणि विचारायचो, "आज कोण आलंय?" ती म्हणायची, "बायडाबाई," आणि पुन्हा लिहायला लागायची.

लंकाबाई सगळ्यांत शेवटी बोलल्या. नात्याने प्रज्ञाच्या लांबच्या आत्या. चार वर्षं त्यांनी नुसता चहा पाजला, दुष्काळात वाटलेल्या सुकडीच्या आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीच्या गोष्टी सांगितल्या, आणि पुढचं विचारलं की म्हशीला वैरण टाकायला उठल्या. मग एक दिवस त्यांनी सुनेला बाजाराला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि आधी विचारलं,

"माझं नाव न्हाई ना येनार, पोरी?"

"नाही आत्या. दुसरं घालते."

"आन गावाचं?"

"तेही दुसरंच."

"मंग घे लिवून. मी गेल्यावर कोन सांगनार हे? कुटंतरी लिवल्यालं ऱ्हाऊ दे. पर माझ्या घरात कळाया नगं."

त्यांनी जे सांगितलं त्यातलं एक वाक्यही मी इथे देणार नाही. वाचणाऱ्याला इतकंच पुरे की कामावर एक मुकादम होता, हजेरीपटावर नाव लावणं त्याच्या हातात होतं, आणि ज्या बाईचा नवरा गावात नसेल तिच्याकडून नाव लावायची तो वेगळी किंमत वसूल करायचा. लंकाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा त्या उन्हाळ्यात कामाच्या शोधात ठाण्याकडे गेलेला. मुकादम मरून तीस वर्षं झाली, पण त्याचं घर गावात आहे, घरात माणसं आहेत.

पीएचडी झाली, आणि परदेशातल्या एका प्रकाशनाने तिचं पुस्तक घ्यायचं ठरवलं. त्यांच्या परीक्षकांनी भरभरून लिहिलं. वर्षभर प्रकाशनाने तिला पिडलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. एकेका टोपणनावावर तीन तीन पत्रं, ही बाई ओळखू येईल का, ती ओळखू येईल का. प्रज्ञा कंटाळायची नाही. उलट खूश व्हायची, की आपल्या बायांची एवढी काळजी कुणीतरी करतंय.

मग एक पत्र आलं. पुस्तक काढायच्या दोन रीती होत्या. एक नेहमीची: लेखिकेला खर्च नाही, पण पुस्तकाची किंमत आपल्या रुपयांत चौदा हजार. दुसरी अशी, की खर्च लेखिकेनेच भरायचा, आणि मग पुस्तक इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट. रक्कम प्रज्ञाच्या तीन वर्षांच्या मानधनाएवढी होती. तिकडच्या प्राध्यापकांसाठी ती त्यांची विद्यापीठंच भरतात, असं पत्रात मोठ्या सहजपणे लिहिलं होतं. आमच्या संस्थेने "तासिकेवरील शिक्षकांसाठी तरतूद नाही" असं एका ओळीत कळवलं. गरीब देशांना सवलत होती, त्या यादीत भारत नव्हता.

"आपण गरीबही नाही आणि श्रीमंतही नाही, भाई," प्रज्ञा हसून म्हणाली. "राहू दे. चौदा हजारांचं निघू दे. आपल्या तालुक्यात ते कुणी उघडणार नाही. बायांच्या दृष्टीने तेच बरं."

हे ती बोलली होती. मला शब्दन्‌शब्द आठवतंय, कारण त्यावर मी तिच्या अंगावर ओरडलो होतो. आपल्या बायांनी खडी फोडायची, आपल्या पोरीने लिहायचं, आणि ते पुस्तक आपल्याच वाचनालयाला परवडू नये? पैसेवाल्याचं पुस्तक साऱ्या जगाने वाचायचं आणि आपलं कुलपात कुजायचं? मी आठ दिवस तिची पाठ सोडली नाही. कायम जागेच्या मुलाखतीत जगभर वाचलं गेलेलं पुस्तक कामी येईल, हेही मीच डोक्यात भरवलं. शेवटी रंगनाथांनी निवृत्तीचे आलेले पैसे काढले.

तरी ते पुरेनात. रंगनाथांनी ही गोष्ट विहारात बोलून दाखवली आणि वस्तीने ती उचलून धरली. पुस्तक छापायला लिहिणाऱ्यानेच पैसे भरायचे, यात तिथे कुणाला काही नवल वाटलं नाही. जयंती असो, विहाराचा रंग असो, आपलं काम आपणच वर्गणी काढून करायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आणि वर्गणी दिली की विहाराच्या भिंतीवर नाव लागतं, गावासकट. ज्याचं नाव राहून गेलं तो तीन वर्षं तोंड फिरवून चालतो. झुंबरबाई नावाच्या एका खमक्या म्हातारीने घर ना घर पालथं घातलं. लंकाबाईंनी निराधार पेन्शनीतून दिले आणि प्रज्ञाला बजावलं, "झुंबरीचं नाव बुकात आन माझं न्हाई, आसं करू नगं. वर्गनी दिल्याय मी."

प्रज्ञा माझ्याकडे आली. "भाई, आतल्या पानांत मी आत्यांचं नाव लपवते आणि आभारात छापते, हे बरं दिसतं का?"

"अगं, आत नाव वेगळं, गाव वेगळं," मी म्हणालो. "आभाराचं पान कुणी वाचतं का? एकतीस वर्षांत मी तरी कुणाला वाचताना पाहिलं नाही. म्हाताऱ्या बायांनी पोटाला चिमटा घेऊन दिलंय. नावं आलीच पाहिजेत."

यादी मीच टाइप केली. बेचाळीस नावं, रीतीप्रमाणे वर गावाचं नाव. एवढंच नाही. पुस्तक किती उघडं ठेवायचं याचे चार परवाने होते, त्यातला एक निवडायचा. कुणी नक्कल करावी की नाही, दुसऱ्या भाषेत न्यावं की नाही, असं सगळं त्यात. मी सगळ्यांत मोकळा पर्याय निवडून दिला, कुणीही घ्या, काहीही करा. माझ्याच बोटाने खूण केली. पैसे पोचले आणि ज्या प्रकाशनाने एकेका टोपणनावावर तीन पत्रं लिहिली होती, त्यांनी आभाराच्या पानावर एक अक्षर विचारलं नाही. चार दिवसांत "फार छान" असं उत्तर आलं. मी त्यांना दोष देऊन मोकळा होऊ शकतो. पण यादी माझी होती.

पुस्तक जूनमध्ये आलं. जुलैत वर्षावास सुरू झाला. त्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं, बायका पुढे, पुरुष मागे. पहिल्याच रविवारी प्रज्ञाचा सत्कार ठेवला आणि माझाही. शाल, गुलाबाचं फूल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. प्रज्ञाची चुलत बहीण दीपा माइकवर होती. नेहमीचं वाचन झालं आणि ती म्हणाली, "आता एक गंमत. ताईचं पुस्तक इंग्रजीत आहे, पण मोबाईल ते मराठी करून देतो. आपल्या आयांचं बोलणं आज आपल्या विहारात वाचायचं."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

लंकाबाई मराठीत बोलल्या होत्या, प्रज्ञाने ते इंग्रजीत नेलं होतं, आणि आता मोबाईलने ते पुन्हा मराठीत आणलं होतं. ते बोलणं कुणाचंच राहिलं नव्हतं. "आम्ही दगडांना लहान बनवत होतो आणि सूर्य आमच्यावर उभा होता," दीपा वाचत होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, लंकाबाईही हसत होत्या. हे आपलंच बोलणं चाललंय हे त्यांना उमगलंच नव्हतं. मग वाक्य आलं, की माझा डावा अंगठा हातोडीच्या खाली सापडला आणि पुन्हा कधी सरळ झाला नाही.

"आगं, ही तर आपली लंका!" झुंबरबाई आनंदाने ओरडली. "आंगठ्याची!"

सगळी वस्ती हसली. बाहेरच्या गावाला हा अंगठा कुणाचा ते कधीच कळलं नसतं. तिथे मात्र पोराटोरांनाही ठाऊक होतं. दीपाला चेव आला, ती आणखी मोठ्याने वाचायला लागली. ती मोडकीतोडकी मराठी एकेक शब्द जुळवत वाचावी लागत होती, त्यामुळे अर्थ मागून येत होता. माझ्या शेजारी प्रज्ञा उठून उभी राहिली. "दीपा, बास," ती म्हणाली, पण माइक दीपाच्या हातात होता. तीन वाक्यं वाचून झाली, चौथ्यावर दीपाला कळलं आपण काय वाचतोय, आणि ती थांबली.

आवाज बाहेरच्या कर्ण्यावरही गेला होता.

लंकाबाईंनी डावा हात हळूच पदराखाली घेतला. एवढंच केलं. मागे पुरुषांत त्यांचा मुलगा प्रशांत बसला होता, पन्नाशीचा, सुप्यात कंपनीत सुपरवायझर. तो समोरच्या फरशीकडे बघत होता. कुणीतरी घाईघाईने शेवटची वंदना, सरणत्तय, म्हणायला सुरुवात केली, सगळ्यांनी हात जोडले, लंकाबाईंनी पदराखालीच जोडले. प्रज्ञाची भाड्याची खोली कॉलेजच्या गावात होती; परत जाताना ती माझ्या गाडीवर मागे बसली होती. पाऊण तास मी आरशात बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रकाशनाला लिहिलं, की आभारातलं गाव आणि आतला अंगठा जोडला की कुणालाही ही बाई सापडेल. उत्तर फार सभ्य होतं. आभाराचं पान आणि अंगठ्याचं वाक्य आमच्या जागेवरून काढतो, म्हणाले. काढलंही. पण आपण निवडलेल्या परवान्यानुसार पुस्तक आधीच अनेक ठिकाणी उतरवून घेतलं गेलेलं आहे, त्या प्रतींवर आमचा अधिकार नाही, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. मी रोज सकाळी वाचनालय उघडलं की कॉम्प्युटरवर पुस्तक शोधतो. कुठल्या तरी परक्या ग्रंथालयात जुनी प्रत सापडते, सबंध, बेचाळीस नावांसकट. त्यांना पत्र लिहितो. महिन्याने तीच प्रत आणखी दोन ठिकाणी दिसते. अख्तरी म्हणते, आता पुरे करा, वेड लागेल. तिला कसं सांगू, की मला दुपारी त्या शेवटच्या टेबलावर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, डावा हात पदराखाली घेऊन.

प्रज्ञाची मुलाखत झाली. समितीतल्या एकाने पुस्तक उलटं-पालटं करून विचारलं, "मॅडम, हे पैसे भरून छापलंय ना?" ती हो म्हणाली. त्याने पुस्तक बाजूला सरकवलं. जागा दुसऱ्याला मिळाली. याचं तिला वाईट वाटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ती नुसतं "बरोबर आहे त्यांचं" म्हणाली. ती अजून तासिकेवरच शिकवते. वस्तीत जात नाही. रेकॉर्डर तिने माझ्या टेबलाच्या खणात आणून ठेवलाय. एकदा ती लंकाबाईंच्या दारापर्यंत गेली होती. त्यांनी आत घेतलं, चहा दिला, म्हशीच्या दुधाबद्दल बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली, आणि रडली. कुणाचं ऐकून घेणारा माणूस मी नाही. तरी मी ऐकत बसलो.

दिवाळीनंतर एका सुट्टीच्या दिवशी प्रशांत वाचनालयात आला. मी उठून उभाच राहिलो. मला वाटलं आता हा माझी गचांडी धरणार, आणि खरं सांगतो, धरली असती तर मी हात जोडून उभा राहिलो असतो. तो खुर्चीत बसला. त्याने खिशातून कागद काढला. पुस्तकातलं एक पान छापून आणलं होतं आणि एका आकड्याभोवती निळ्या पेनने गोल केला होता.

"भाई, हितं त्र्याहत्तरचा उन्हाळा लिवलाय," तो म्हणाला. "तिथं एकाहत्तर करता येईल का?"

मी चष्मा लावून तो आकडा पुन्हा पाहिला.

"दुष्काळ तवाबी हुताच की. पाऊस न्हवताच. कोन तपासायला बसलंय? नुसतं साल बदलायचं. बाकी काय बदलू नका. आई जे बोलली ते बोलली, ते खोडायचा मला आधिकार न्हाई."

"तुम्ही आईला..."

"न्हाई इचारलं. इचारनार बी न्हाई. तिनं पन्नास वर्सं सांगितलं न्हाई, म्हंजी तिला सांगायचं नसंल." त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "माझा जल्म चौऱ्याहत्तरच्या जानेवारीतला हाय. दाखल्यावर हाय तसं. पोरगी माझी बारावीला हाय, हुशार हाय, तिला आकडेमोड येती. ती अजून काय बोलली न्हाई. पर परवा तिनं मला इचारलं, आजोबा ठाण्याहून कवा आले हुते."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. परवाना, प्रती, परक्या देशातली ग्रंथालयं, माझी पत्रं. माझ्या बोटाने केलेली खूणही सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. प्रज्ञासारखाच मान न हलवता, आणि मी बोलत गेलो. शेवटी मी थांबलो.

"म्हंजी त्यांनी छापायला पैशे घेतले," तो म्हणाला.

"हो."

"मंग न छापायला किती घेत्यात, तेवढं इचारा. लई असले तरी चालंल. पीएफ हाय माझा."

मी त्याच्यासमोर बसून ते पत्र लिहिलं. त्याच्यासाठी मराठीत वाचून दाखवलं. तो हात मिळवून गेला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपल्या भावना आम्ही समजू शकतो, अशा सेवेसाठी आमच्याकडे कोणताही दर ठरलेला नाही.

प्रशांत अजून दर महिन्याला येतो. आत येत नाही, दारातूनच विचारतो, "भाई, आलं का उत्तर?"

"अजून नाही," मी म्हणतो.